यादीत नाव घालू की नको?

वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं. ती पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वय २१, गाव मराठवाड्यात, मुक्काम मुलींच्या हॉस्टेलमध्ये. ती राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेवक आहे. कॉलेजने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या, म्हणजे एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या लशीचा कॅम्प ठरवला आणि हॉस्टेलमधली नावं गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. तिने मेसच्या वेळापत्रकाशेजारी यादीचा कागद चिकटवला. पहिल्या दिवशी काही नावं आली. दुसऱ्या दिवशी एका नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'एवढी घाई?' त्या मुलीने रात्री आपलं नाव गिरबटून टाकलं. मग आणखी दोघींनी.

तिची रूममेट सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात या लशीने भारतात सात मुली मेल्या असं सांगितलंय. 'आपण काय प्रयोगाचे उंदीर आहोत का?' असं म्हणून ती विषयच संपवते. दुसऱ्या एका मैत्रिणीची आई म्हणते, लग्नानंतर बघू. तिसरीला पुढे मूल होणार नाही अशी भीती वाटते. वर्गातली मुलं विषय निघाला की हसतात. कॅम्प बघणारे सर म्हणतात, 'कोविडच्या वेळी डोस नाही तर प्रवेश नाही म्हटल्यावर सगळे आले होते, तसंच करू.' मैत्रीण विचारते, 'शिकलेल्या मुलींनी असं वागावं याचा राग येतो. यांना कसं पटवू?' आणि अगदी शेवटी लिहिते, 'मी स्वतः अजून नाव घातलेलं नाही. आईला काय सांगू कळत नाही, आणि पैसेही तिच्याकडेच मागावे लागतील.'

प्रिय मैत्रिणी,

तुझं जवळजवळ सगळं पत्र इतरांविषयी आहे, आणि शेवटच्या दोन ओळी तुझ्याविषयी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते.

तू नाव का घातलं नाहीस? लशीवर तुझा विश्वास नाही, असं पत्रात कुठेच दिसत नाही. अडतंय ते आईशी बोलण्यावर आणि पैशांवर. म्हणजे सगळं कळत असूनही माणूस थांबू शकतो, हे तुझ्याइतकं आत्ता कुणाला ठाऊक असणार? मग बाकीच्या मुली 'शिकलेल्या असून' थांबल्या याचा राग का यावा? त्यांच्याही मागे कुणाची तरी आई आहे, कुणाची तरी भीती आहे, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द आहेत. तू या सगळ्यांना एका गठ्ठ्यात 'लस नको म्हणणाऱ्या' असं बांधलंस, आणि सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर माझ्याकडे मागितलंस. तसं उत्तर माझ्याकडे नाही. व्हिडिओ दाखवणाऱ्या रूममेटचा प्रश्न वेगळा, नाव गिरबटणाऱ्या मुलीचा वेगळा. तिला तर लस हवी होती.

रूममेटपासून सुरुवात करू, कारण तिचा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. तिला 'व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी' म्हणून उडवून लावू नकोस. ती सांगते त्यातला अर्धा भाग खरा आहे.

२००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तो तेलंगणात आहे) आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याकडे शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि दोन्ही राज्यांची सरकारं मिळून तो चालवत होती. खम्ममच्या मुलींमध्ये आदिवासी आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या पुष्कळ होत्या. पुढच्या काळात यांपैकी सात मुलींचा मृत्यू झाल्याचं पुढे आलं, ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. मृत्यूंची चौकशी झाली. एकीचा बुडून, एकीचा साप चावून, एकीचा मलेरियाने, कुणाचा कीटकनाशक पोटात गेल्याने, अशी कारणं निघाली. लशीशी संबंध असल्याचं चौकशी समितीला आढळलं नाही. व्हिडिओ हा भाग सांगत नाही.

पण व्हिडिओ जे सांगतो त्यातलं एक मात्र खरं आहे. त्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना धड विचारलंच गेलं नव्हतं. अडीच हजारांहून जास्त संमतिपत्रांवर वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. कितीतरी पालकांचे नुसते अंगठे होते, आणि अंगठा कशावर उमटवतोय हे त्यांना कुणी समजावलेलं नाही. नंतर त्रास झाला तर नोंद ठेवायची यंत्रणाही ढिली होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. तुझ्या रूममेटला 'आपण उंदीर आहोत का' असं वाटतं, त्या वाटण्याला हा इतिहास आहे. लशीने मुली मेल्या हे खोटं, आणि मुलींना गृहीत धरलं गेलं हे खरं. तिच्याशी बोलताना ही दोन्ही वाक्यं बोल. पहिलंच बोललीस तर तिला वाटेल, ही पण झाकतेय.

तिला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती विज्ञानाची विद्यार्थिनी आहे आणि ही गोष्ट आपल्याकडची आहे. त्याच वेळी भारतात एचपीव्ही लशीचा एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे तपासायचं होतं. त्याच्या केंद्रांमध्ये पुणे होतं आणि आपली बार्शीही होती, तिथलं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय. खम्ममनंतर सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांमधली लस थांबवली आणि हाही अर्ध्यावर अडकला. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला, पुढचा मिळालाच नाही. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. दहा वर्षं त्यांची तपासणी चालू ठेवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: एकच डोस मिळालेल्या मुलींमध्येही या विषाणूच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून तीन डोसांइतकंच, ९५ टक्क्यांच्या आसपास, संरक्षण दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये लहान मुलींसाठी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे जे पुरावे होते त्यांत बार्शी-पुण्याच्या या मुलीही आहेत. मला या मुलींविषयी फार आदर वाटतो. कित्येक गरीब देशांत आज एका डोसावर काम भागतंय ते त्यांच्यामुळेही.

आता तुझ्यासाठी, आणि वाचणाऱ्या इतर मुलींसाठी, आजाराचं थोडक्यात. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. काही बायकांमध्ये तो ठाण मांडतो, आणि त्यातल्या काहींना पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार साधारण सत्तर टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत. भारतात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ऐंशी हजार जणी त्याने जातात. बऱ्याच जणी पन्नाशीच्या आसपासच्या असतात. अंगावरून जातंय, पाठ दुखतेय असं म्हणत त्या महिनोन् महिने काढतात आणि दवाखान्यात पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. अशी एखादी मावशी, चुलती, शेजारीण तुझ्याही गावात आठवेल.

लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन तेवढं असतं, आत जनुकं नाहीत, त्यामुळे लशीतून संसर्ग होऊच शकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक'ला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध ती काम करते.

इथे तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण कॅम्पच्या पत्रकांत ती सहसा नसते. या लशीचं सगळ्यात योग्य वय ९ ते १४ आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सरकारने याच वयाच्या मुलींचं नाव घेतलं. तू २१ ची आहेस. मग आता उपयोग काय? याचं चांगलं उत्तर स्वीडनमधून आलंय. तिथे साडेसोळा लाखांहून जास्त मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी दिसला, आणि सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. फरक मोठा आहे आणि तो लपवू नये. पण निम्म्याहून जास्त धोका कमी होणं, हेही मी सोडून देणार नाही. तूही देऊ नयेस. मात्र आधीच झालेला संसर्ग लस बरा करत नाही, आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

यावरून 'लग्नानंतर बघू'चं उत्तर मिळतं. विषाणू गाठायच्या आधी लस घेतली तर ती सगळ्यात जास्त काम करते. लग्नानंतर म्हणजे संसर्गाची शक्यता सुरू झाल्यावर. म्हणजे त्या मैत्रिणीची आई ज्या कारणासाठी थांबायला सांगतेय, नेमक्या त्याच कारणासाठी आत्ता घ्यायला हवी. आणि लग्नापर्यंत कुणाशीही संबंध न आलेल्या मुलीलाही हा विषाणू नवऱ्याकडून मिळू शकतो. नवऱ्यालाही आपल्याला तो आहे हे ठाऊक नसतं. हा मुद्दा शांतपणे मांडला तर बऱ्याच आयांना कळतो, कारण आजवर घराघरांत हेच झालंय. ज्या बायका या आजाराने गेल्या त्यांतल्या कितीतरी जणींचं सगळं आयुष्य एका नवऱ्याबरोबर गेलं. त्यांच्या चारित्र्याची चर्चा कुणी करत नाही, मग लस घेणाऱ्या मुलीच्याच चारित्र्याची का करायची?

मूल न होण्याची भीती मात्र समजुतीने हाताळ. आपल्याकडे मुलीला मूल होणार नाही ही शंकाही केवढी जड असते, तुला माहीत आहे. त्या मैत्रिणीला सांग की २०१७ पर्यंत जगभरात या लशीचे २७ कोटींहून जास्त डोस वाटले गेले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षाविषयक समितीने तेव्हा आढावा घेऊन ती अत्यंत सुरक्षित असल्याचं सांगितलं. वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. उलट कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था झाली की गर्भाशयमुखाचा भाग कापावा लागतो, कधी गर्भपिशवीच काढावी लागते. मूल हवं असेल तर भीती त्या आजाराची वाटायला हवी.

आता सरांच्या सक्तीबद्दल. याला माझा ठाम विरोध आहे, आणि तूही तो सांगावास.

सर म्हणतात ते झालं होतं खरं. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातली कॉलेजं उघडली तेव्हा दोन्ही डोसांची अट होती. पण तो आजार श्वासातून वर्गभर पसरणारा होता. एचपीव्ही वर्गात शेजारी बसून पसरत नाही. एका मुलीने लस घेतली नाही तर मेसमधल्या दुसरीला काही होत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्याच प्रकरणात सांगितलं की कुणावरही लशीची जबरदस्ती करता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो. समाजाच्या आरोग्यासाठी काही निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. मग या लशीसाठी हॉस्टेलच्या प्रवेशाची अट कुठल्या आधाराने घालणार?

कायदा बाजूला ठेवला तरी सक्तीने नुकसानच होईल. खम्ममला वॉर्डनने सही केली, त्याचा व्हिडिओ आज तुझ्या खोलीत चालतोय. विश्वास गेला की काय होतं ते जपानने भोगलंय. तिथे २०१३ मध्ये लशीनंतर त्रास झाल्याच्या तक्रारी गाजल्या, सरकारने शिफारस आवरती घेतली आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरात सुमारे तीस हजार मुली-तरुणींकडून माहिती घेऊन चोवीस लक्षणं तपासली, लशीशी संबंध दिसला नाही. तरी शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. मधल्या काळात राहून गेलेल्या मुलींसाठी सरकारला फुकट लसीकरणाची वेगळी मोहीम काढावी लागली. त्या मुली तोवर तुझ्याच वयाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या झाल्या होत्या. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीचा या आजाराने मृत्यू झाल्याची खोटी बातमी 'जनजागृती'च्या नावाखाली पसरवली गेली. अशा एका प्रकाराने किती तरुण मुलींच्या मनात कायमची खोट बसली असेल, याचा मला आजही राग येतो.

सिक्कीमने २०१८ मध्ये उलट केलं. शाळांमधून लस दिली, पण त्याआधी शिक्षक, डॉक्टर, पालक सगळ्यांशी बोलणं झालं, आणि सुमारे ९७ टक्के मुलींना ती मिळाली.

म्हणून तुझ्या हॉस्टेलमध्ये काय करायचं ते सांगते. आज संध्याकाळी तो यादीचा कागद काढून टाक. पेन्सिलीने लिहिणारी कोण ते शोधत बसू नकोस, पण आरोग्याशी संबंधित नावं भिंतीवर लावायची नसतात, हे सरांना सांग. नावं एका बंद वहीत किंवा थेट डॉक्टरांकडे जाऊ देत. ज्या तिघींनी नाव खोडलं त्यांना गाठून 'का खोडलंस?' असं विचारू नकोस. 'कागद काढलाय, आता नाव फक्त डॉक्टरांना दिसेल' एवढं सांग आणि निघून ये. तिघींतल्या एकदोघी तरी परत येतील असं मला वाटतं.

संमतिपत्र मराठीत आणि इंग्रजीत, कॅम्पच्या काही दिवस आधी हातात मिळायला हवं. रांगेत उभं असताना नव्हे. त्यावर लशीचं नाव, किती डोस, कोणते त्रास होऊ शकतात आणि झाले तर कुणाला फोन करायचा, हे असावं. तुम्ही सगळ्या अठरा पूर्ण आहात, सही तुमची स्वतःची. ना वॉर्डनची, ना वर्गप्रतिनिधीची. कॅम्पच्या आधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना तासभर बोलवा, भाषणासाठी नको, प्रश्नांसाठी. प्रश्न चिठ्ठ्यांवर नाव न लिहिता द्यायचे. तुझ्या रूममेटला खम्ममचा प्रश्न पहिल्या चिठ्ठीवर लिहायला सांग. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकतेय, तिच्यासारखी प्रश्न विचारणारी मुलगी त्या तासाला हवीच.

आणि मुलांनाही बोलवा. सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही मंजूर आहे. घशाचे, गुदद्वाराचे, शिश्नाचे काही कर्करोग आणि जननेंद्रियांवरचे चामखीळ याच विषाणूमुळे होतात. शिवाय विषाणू पोचवणारे तेही असतात. यादीत मुलांची नावं आली की हा 'कसल्या मुलींचा' कॅम्प आहे, ही कुजबुज आपोआप थांबते.

पैशांचं बघू. सर्व्हाव्हॅकच्या माहितीपत्रकानुसार १५ ते २६ या वयात तीन डोस: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जागतिक आरोग्य संघटना मात्र २१ च्या पुढच्या तरुणींसाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरेसे मानते. कॅम्पच्या डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचार. 'दोन घेतले तर चालेल का' हे विचारण्यात कमीपणा नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं चालू असतील तर तीनच लागतात. किमती दवाखान्यागणिक बदलतात, सवलतीच्या कॅम्पमध्ये त्या उतरतात, आणि पैसे एकदम द्यायचे नसतात, सहा महिन्यांत विभागतात. पुढचे डोसही सवलतीतच मिळतील, हे कॉलेजकडून आत्ताच लेखी घेऊन ठेव. नाहीतर पहिला डोस कॅम्पमध्ये स्वस्तात आणि पुढचे बाजारभावाने, असं होतं आणि मुली मध्येच सोडतात. सर्वांत महागडी, नऊ प्रकारांवरची परदेशी लस परवडत नाही म्हणून काहीच न घेणं, हे मात्र करू नकोस.

राहिली आई. तू तिच्याकडे परवानगी मागणार आहेस की तिला सांगणार आहेस, हे आधी मनाशी ठरव. मला वाटतं, सांग. लपवू नकोस, पैसे दुसऱ्या नावाने मागू नकोस. मागून कळलं तर लस बाजूला राहील आणि 'मला का नाही सांगितलंस' हेच वर्षभर चालेल. फोन दुपारी कर, तिची कामं आटोपल्यावर, घरात बाकी कुणी नसताना. विषाणू कसा पसरतो तिथून सुरुवात करायची गरज नाही. 'आई, कॉलेजात कॅन्सरच्या लशीचा कॅम्प आहे, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. मी घेणार आहे.' ती म्हणेल, लग्न नाही झालं, आत्ताच कशाला? तेव्हा म्हण, 'पोलिओचे डोस मला तू आजार झाल्यावर पाजलेस का?' इथवर बहुतेक आया थांबतात. ती आणखी विचारेल तर खरं सांग, खोटं नको.

मग तिलाच विचार, 'तू तपासून घेतलंस का कधी?' हा प्रश्न नुसता विषय बदलण्यासाठी नाही. तुझी आई चाळिशी-पन्नाशीची असेल. तिच्या वयाला तपासणीच जास्त मोलाची. तुमच्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख तीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटाची एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारायला सांग. पुढच्या सुट्टीत तू तिच्याबरोबर जा. तिला एकटीला आत जायचा संकोच वाटेल.

लशीच्या दिवशी पोटभर नाश्ता करून जा. दंड दुखेल, थोडा सुजेल, कणकण किंवा डोकेदुखी एखाददुसरा दिवस राहील. सुई टोचल्यावर पंधरा मिनिटं बसूनच राहा, कारण तुमच्या वयाच्या मुलींना कधीकधी चक्कर येते. पाळी चालू असेल तरी लस चालते. गरोदर असेल तर थांबायचं. आधी कुठल्या लशीची किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. लस घेण्याआधी कसलीही तपासणी लागत नाही, आणि तुझे कुणाशी संबंध आलेत का हे डोस देण्यासाठी विचारायचा अधिकार कुणालाही नाही. कुणी विचारलंच तर उत्तर देऊ नकोस.

आणि रूममेट? सगळं ऐकून, प्रश्न विचारून ती नाहीच म्हणाली, तर तिचं नाही तिच्यापाशी राहू दे. तिच्यामागे लागू नकोस, मेसमध्ये तिचा विषय काढू नकोस. या लशीचं वय तिच्यासाठी सव्विसाव्या वर्षापर्यंत आहे, मन बदलायला अजून चारपाच वर्षं आहेत. तू मात्र तिच्यासाठी थांबू नकोस. वहीत पहिलं नाव तुझं घाल.